मनगटाचा अस्थिबंध तुटला : शस्त्रक्रिया करावी का?

पाय घसरला की आपण विचार न करता हात पुढे टेकतो. डोके आणि चेहरा वाचवण्यासाठी शरीराने केलेली ही सोय आहे. तिची किंमत मात्र पुष्कळदा मनगटाला मोजावी लागते. पावसाळ्यात छत्रपती संभाजीनगरच्या जालना रस्त्यावर स्कूटर घसरते, शाळेच्या मैदानावर कबड्डीत एखादा मुलगा तोंडघशी पडतो, वाळूजच्या कारखान्यात तेल सांडलेल्या फरशीवरून कामगाराचा पाय सरकतो. कारणे वेगवेगळी असली तरी मनगटाचे होते ते एकच. ते सुजते, एक्स-रे काढला जातो आणि "हाड मोडलेले नाही, नुसता हात मुरगळला आहे" असे ऐकून माणूस निश्चिंत होऊन घरी येतो.

बहुतेक वेळा हे खरेही असते. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते आणि हात पूर्ववत होतो. काही जणांच्या बाबतीत मात्र दोन महिने उलटले तरी पाण्याची बादली उचलवत नाही, फळ्यावर लिहिताना कळ येते, मनगट फिरवले की 'कट्' असा आवाज होतो. मग पुन्हा तपासणी होते आणि अस्थिबंध तुटल्याचे कळते. एक डॉक्टर शस्त्रक्रिया सुचवतात, दुसरे तिची गरज नाही म्हणतात. रुग्ण गोंधळतो. वास्तविक दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर असू शकते, कारण 'अस्थिबंध तुटला' या दोन शब्दांत अनेक वेगवेगळ्या अवस्था सामावलेल्या आहेत. त्या कोणत्या आणि त्यांवरून निर्णय कसा घेतला जातो, हे या लेखात पाहू.

आठ हाडांचा सांधा

कोपरापासून मनगटापर्यंत दोन लांब हाडे असतात. अंगठ्याच्या बाजूचे ते रेडियस आणि करंगळीच्या बाजूचे ते अल्ना. त्यांच्यापुढे मनगटात आठ लहान हाडे दोन ओळींत बसलेली असतात. पहिल्या ओळीत अंगठ्याकडून सुरुवात केली तर प्रथम होडीच्या आकाराचे स्कॅफॉइड, मग चंद्रकोरीसारखे ल्युनेट, मग त्रिकोणी ट्रायक्वेट्रम येते. ट्रायक्वेट्रमवर वाटाण्याएवढे पिसिफॉर्म बसलेले असते. दुसऱ्या ओळीत ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड, कॅपिटेट आणि हॅमेट ही चार हाडे असतात.

हाडाला हाड बांधून ठेवणारे चिवट तंतूंचे पट्टे म्हणजे अस्थिबंध. स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी ती कंडरा. पुढचे सारे समजण्यासाठी हा फरक लक्षात ठेवावा.

पहिल्या ओळीचे एक मोठे वैशिष्ट्य आहे. स्कॅफॉइड, ल्युनेट आणि ट्रायक्वेट्रम या तीन हाडांना एकही कंडरा थेट जोडलेली नसते. म्हणजे त्यांना ओढणारा स्वतःचा स्नायू नाही. मागचे आणि पुढचे हाड हलले की ती हलतात. मालगाडीच्या मधल्या डब्यांना जसे स्वतःचे इंजिन नसते, कपलिंगच्या जोरावरच ते चालतात, तसेच हे आहे. इथली कपलिंगे म्हणजे अस्थिबंध.

या ओळीत सतत एक रस्सीखेच चाललेली असते. मनगटावर भार आला की स्कॅफॉइडचा कल तळहाताकडे झुकण्याचा असतो, तर ट्रायक्वेट्रमचा कल उलट, हाताच्या पाठीकडे कलण्याचा. मधले ल्युनेट दोन्ही बाजूंनी बांधलेले असल्यामुळे तोल साधून सरळ राहते. स्कॅफॉइड आणि ल्युनेट यांच्यामधला अस्थिबंध पूर्ण तुटला, की रस्सीखेचीचा दोर एका बाजूने सुटतो. स्कॅफॉइड पुढे झुकते, ल्युनेट ट्रायक्वेट्रमबरोबर मागे कलते. अमेरिकेतील लिन्शाइड, डॉबिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली मनगटाच्या या अस्थिरतेचे सविस्तर वर्णन केले. हाड न मोडताही मनगटाची घडी विस्कटू शकते, हे तेव्हापासून डॉक्टरांच्या नीट ध्यानात आले.

पडताना नेमके काय होते?

एक ढोबळ गणित करू. पडताना शरीराचा २० किलो भार एका हातावर आला असे समजा. हा भार ८० सेंटीमीटर खाली आला आणि हात टेकल्यावर पुढच्या १० सेंटीमीटरांत थांबला. एकूण अंतर ९० सेंटीमीटर. गुरुत्वाकर्षणाने ९० सेंटीमीटरांत केलेले कार्य हाताला १० सेंटीमीटरांत शोषायचे आहे. म्हणून हातावरचे सरासरी बल मूळ भाराच्या नऊपट, म्हणजे १८० किलो वजनाइतके होते. कोपर वाकवून थांबण्याचे अंतर वाढवले तर हे बल कमी होते. कुस्तीगीर आणि जिम्नॅस्ट यांना पडायला शिकवतात, त्यामागचे भौतिकशास्त्र हेच आहे.

आता अस्थिबंधाची ताकद पाहू. स्कॅफॉइड–ल्युनेट अस्थिबंध इंग्रजी 'सी' अक्षरासारखा वळलेला असतो. त्याचे तीन भाग पडतात. हाताच्या पाठीकडचा भाग सर्वांत जाड असून तो सुमारे २६० न्यूटन ताण सोसतो. तळहाताकडचा भाग सुमारे १२० न्यूटन आणि मधला पातळ पडद्यासारखा भाग सुमारे ६० न्यूटन. २६० न्यूटन म्हणजे साधारण २६ किलो वजन. पडतानाचे सगळे बल या एकाच पट्ट्यावर येत नाही. ते हाडे, कूर्चा आणि इतर अस्थिबंध यांत वाटले जाते. पण हात मागे वळलेला, करंगळीकडे झुकलेला आणि पिळलेला असेल तर त्याचा मोठा वाटा याच जागी येतो. मेफिल्ड आणि सहकाऱ्यांनी १९८० साली मृतदेहांच्या मनगटांवर प्रयोग करून दाखवले, की अशा भाराने अस्थिबंध ठरावीक क्रमाने तुटतात. पहिला क्रम स्कॅफॉइड–ल्युनेट जोडाचा असतो.

तीन भागांचा हा हिशेब निर्णयाच्या वेळी उपयोगी पडतो. मधला पातळ पडदा फाटणे आणि पाठीकडचा जाड पट्टा तुटणे या दोन्हींना अहवालात 'अस्थिबंधाची इजा'च म्हणतात, पण त्यांचे परिणाम फार वेगळे असतात.

करंगळीच्या बाजूची गादी

मनगटात वारंवार इजा होणारी दुसरी जागा करंगळीच्या बाजूला आहे. अल्नाचे टोक आणि मनगटाची हाडे यांच्यामध्ये कूर्चेची एक त्रिकोणी गादी असते आणि तिच्याभोवती अस्थिबंध असतात. या सगळ्या रचनेला त्रिकोणी तंतुकूर्चा म्हणू. ती दोन कामे करते. भार झेलते आणि हात उलटासुलटा करताना रेडियस व अल्ना यांना एकत्र धरून ठेवते. किल्ली फिरवणे, ओला कपडा पिळणे, स्क्रू आवळणे या साऱ्या हालचालींत तिचा उपयोग होतो.

पामर आणि वर्नर या संशोधकांनी १९८०च्या दशकात मनगटातून जाणाऱ्या भाराची मोजणी केली. सर्वसाधारण मनगटात सुमारे ८० टक्के भार रेडियसमधून आणि २० टक्के अल्नामधून जातो. अल्ना केवळ अडीच मिलिमीटर लांब असेल तर तिचा वाटा सुमारे ४२ टक्क्यांवर जातो. अडीच मिलिमीटर आखूड असेल तर तो ४ टक्क्यांच्या आसपास येतो. पेन्सिलीच्या शिशाएवढ्या फरकाने भाराची वाटणी इतकी बदलते. ज्यांची अल्ना जन्मतःच किंचित लांब आहे, त्यांची ही गादी लवकर झिजते आणि फाटते. अशा रुग्णात नुसती गादी शिवून भागत नाही. कधी कधी अल्नाचा काही मिलिमीटरांचा तुकडा काढून ती आखूड करावी लागते.

या गादीच्या कडेला रक्तपुरवठा असतो, मध्यभागी जवळजवळ नसतो. जखम भरून यायला रक्त लागते. म्हणून कडेची फाट शिवली तर जुळून येऊ शकते. मधली फाट शिवण्याचा उपयोग होत नाही. ती त्रास देतच असेल, तर दुर्बिणीतून तिच्या लोंबणाऱ्या कडा छाटून गुळगुळीत करतात.

चित्र आणि दुखणे

निदानाची सुरुवात डॉक्टरांच्या बोटांनी होते. नेमके कुठे दाबल्यावर दुखते, कोणत्या हालचालीत हाड सरकते, दुसऱ्या मनगटाच्या तुलनेत हे मनगट किती सैल आहे, हे यंत्राआधी हाताने कळते. त्यानंतर एक्स-रे. मूठ घट्ट आवळून काढलेल्या एक्स-रेत स्कॅफॉइड आणि ल्युनेट यांच्यामध्ये ३ मिलिमीटरपेक्षा अधिक फट दिसली तर अस्थिबंध तुटल्याचा दाट संशय येतो. हात मोकळा सोडून काढलेल्या चित्रात ही फट लपू शकते. काही माणसांत ही जागा मुळातच थोडी रुंद असते, म्हणून दोन्ही मनगटांचे एक्स-रे काढणे शहाणपणाचे ठरते. बाजूने काढलेल्या चित्रात या दोन हाडांमधला कोन मोजतात. तो सामान्यतः ३० ते ६० अंश असतो. ७० अंशांपुढे गेला की हाडांची घडी विस्कटली असे समजतात.

एमआरआयमध्ये मऊ भाग दिसतात, पण त्यालाही मर्यादा आहेत. लहान फाटी त्यात निसटू शकतात. उलट, दुखण्याशी संबंध नसलेल्या फाटीही दिसतात. त्रिकोणी तंतुकूर्चेविषयीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात ३० वर्षांखालील व्यक्तींपैकी २७ टक्के आणि सत्तरीच्या पुढच्यांपैकी ४९ टक्के जणांत या गादीत काही ना काही दोष आढळला. यातल्या अनेकांचे मनगट दुखत नव्हते. केस पिकावेत तशी ही गादीही वयाबरोबर जीर्ण होते. म्हणून पन्नाशीच्या शिक्षकाच्या अहवालात 'फाट आहे' असे लिहून आले, एवढ्यावरून शस्त्रक्रिया ठरत नाही. फाट जिथे आहे तिथेच दुखते का, आणि दुखणे त्या अपघातानंतरच सुरू झाले का, हे जुळावे लागते.

शंका उरलीच तर दुर्बिणीने सांध्याच्या आत पाहतात. अस्थिबंध किती तुटला आणि कूर्चा किती झिजली हे त्यात प्रत्यक्ष दिसते. मात्र हीदेखील भूल देऊन करायची छोटी शस्त्रक्रियाच आहे.

निर्णयाचे पाच प्रश्न

स्कॅफॉइड–ल्युनेट अस्थिबंधाच्या बाबतीत बार्सिलोनाचे हस्तशल्यचिकित्सक मार्क गार्सिया-एलियास आणि सहकाऱ्यांनी २००६ साली एक उपयुक्त मांडणी केली. तिचा गाभा पाच प्रश्नांचा आहे.

पहिला प्रश्न : पाठीकडचा जाड पट्टा शाबूत आहे का? असेल तर इजा अर्धवट आहे. हाडे जागेवर असतात. अशा वेळी स्प्लिंट किंवा प्लॅस्टर आणि नंतर व्यायाम यांना पहिली संधी देणे योग्य ठरते.

दुसरा : पट्टा तुटला असेल तर तो जुळून येण्याजोगा आहे का? ताज्या इजेत तुटलेली टोके समोरासमोर आणून हाडाला शिवता येतात. पुढे ती आक्रसतात, विरतात. साधारणपणे पहिले चार ते सहा आठवडे हा सर्वांत अनुकूल काळ मानला जातो.

तिसरा : स्कॅफॉइड आपल्या जागी आहे का? आधाराचे दुसरे अस्थिबंध शाबूत असतील तर ते काही काळ जागेवर राहते. तेही सैल झाले की ते झुकते.

चौथा : झुकलेले हाड परत जागेवर आणता येते का? येत असेल तर मनगटातील एका कंडरेची पट्टी घेऊन, ती हाडातून ओवून नवा अस्थिबंध तयार करता येतो.

पाचवा : सांध्याची कूर्चा चांगली आहे का? ती झिजली असेल तर नवा अस्थिबंध घालून उपयोग नाही. मग काही हाडे काढून टाकणे, काही एकमेकांना कायमची जोडणे किंवा दुखण्याच्या संवेदना नेणाऱ्या बारीक नसा तोडणे, असे दुखणे कमी करणारे उपाय उरतात.

या प्रश्नांचा क्रम पाहिला तर तो काळाचाही क्रम आहे हे ध्यानात येते. पूर्ण तुटलेला अस्थिबंध दुर्लक्षित राहिला तर माणूस पहिल्या प्रश्नांकडून शेवटच्या प्रश्नाकडे सरकत जातो. अमेरिकेतील वॉटसन आणि बॅलेट यांनी १९८४ साली या झिजेची वाट दाखवून दिली. ती प्रथम रेडियसचे टोक आणि स्कॅफॉइड यांच्यामध्ये सुरू होते, मग त्या साऱ्या सांध्यात पसरते आणि शेवटी मनगटाच्या मध्यापर्यंत पोचते. याला अनेक वर्षे लागतात. तसेच हे प्रत्येकात घडते असेही नाही. अर्धवट इजेत, हाडे जागेवर असताना, झीज वेगाने होताना दिसत नाही. म्हणून भीतीपोटी घाई करणे आणि दुखत नाही म्हणून पूर्ण तुटलेल्या अस्थिबंधाकडे पाठ फिरवणे, दोन्ही टाळावे.

शिक्षकांनी इथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. शस्त्रक्रिया 'दिवाळीच्या सुटीत करू' किंवा 'मे महिन्यात पाहू' असे आपल्याकडे सहज ठरते. शाळेचे वेळापत्रक, परीक्षा, रजा यांचा विचार रास्तच आहे. जुनाट दुखण्यात तसे थांबता येते. पण ऑगस्टमध्ये पूर्ण तुटलेला अस्थिबंध दिवाळीपर्यंत शिवण्याच्या पलीकडे गेलेला असू शकतो. मग साध्या शिवणीऐवजी मोठी पुनर्रचना करावी लागते. थांबायचे असेल तर आधी निदान पक्के करून मग थांबावे.

शस्त्रक्रिया काय देते आणि काय घेते?

अस्थिबंध शिवल्यावर तो जुळेपर्यंत हाडे हलू नयेत म्हणून त्यांतून धातूच्या बारीक तारा घालतात. त्या साधारण आठ आठवडे ठेवतात. तोपर्यंत प्लॅस्टर किंवा स्प्लिंट असते. तारा काढल्यावर व्यायाम सुरू होतात. जड काम करायला साधारण सहा महिने लागतात. उजव्या हाताची शस्त्रक्रिया असेल तर या काळात लिहिणे, गाडी चालवणे, स्वयंपाक, अंघोळ या सगळ्याची वेगळी सोय करावी लागते.

पुनर्रचनेनंतर मनगट पूर्वीसारखे होत नाही, हे आधीच समजून घेतले पाहिजे. दुखणे कमी होते आणि पकड सुधारते, पण मनगट वाकवण्याची कक्षा थोडी घटते. पकडीची ताकदही चांगल्या हाताच्या बरोबरीला सहसा येत नाही. जंतुसंसर्ग, ताठरपणा, त्वचेतल्या नसेला धक्का लागून येणारी बधिरता आणि नवा अस्थिबंध हळूहळू सैल होणे हे धोके थोड्या प्रमाणात असतात. मधुमेह नियंत्रणात नसेल किंवा तंबाखूचे व्यसन असेल तर जखम भरायला अडचण येते.

शस्त्रक्रिया न करणे म्हणजे काहीच न करणे असे मात्र नाही. चार ते सहा आठवडे मनगटाला विश्रांती, मग भौतिकोपचार तज्ज्ञांच्या देखरेखीखाली व्यायाम, असा त्याचा क्रम असतो. अस्थिबंधात ताणाची जाणीव देणाऱ्या चेता असतात आणि स्नायू त्यांच्या इशाऱ्यावर सांधा सावरतात. कोणते स्नायू स्कॅफॉइडला आधार देतात आणि कोणते फट वाढवतात, याचा अभ्यास अलीकडच्या काळात झाला आहे. त्यामुळे 'चेंडू दाबत राहा' हा सरसकट सल्ला मागे पडला. मूठ जोरात आवळली की या दोन हाडांमधली फट वाढते. तेव्हा व्यायामही निदान पाहूनच ठरवावा लागतो.

त्रिकोणी तंतुकूर्चेच्या इजेत रेडियस आणि अल्ना यांचा जोड घट्ट असेल तर बहुधा स्प्लिंट आणि व्यायाम यांनीच सुरुवात करतात. काही महिन्यांत फरक पडला नाही तर दुर्बिणीचा विचार होतो. अल्नाचे टोक सरळ निखळत असेल तर मात्र लवकर शस्त्रक्रिया करण्याकडे कल असतो.

एकच इजा, वेगवेगळी माणसे

समजा, वाळूजला लेथवर काम करणारा २८ वर्षांचा कामगार आहे. उजवे मनगट, तीन आठवड्यांपूर्वीची इजा, पाठीकडचा पट्टा पूर्ण तुटलेला. पुढची तीस वर्षे त्याला या हाताने काम करायचे आहे. त्याने आता शस्त्रक्रिया करण्याच्या बाजूने मोठे पारडे आहे. सहा महिन्यांचा बुडणारा रोजगार हा त्याचा खरा प्रश्न. हलके काम मिळेल का, हे त्याने शस्त्रक्रियेच्या आधीच विचारले पाहिजे.

समजा, ५६ वर्षांच्या शिक्षिका आहेत. डावे मनगट, एमआरआयमध्ये गादीच्या मध्यभागी फाट, फक्त कपडे पिळताना दुखते. त्यांनी आधी स्प्लिंट, व्यायाम आणि कामाची पद्धत बदलणे हे करून पाहावे. शस्त्रक्रियेचा मार्ग नंतरही खुला राहतो.

समजा, बारावीचा विद्यार्थी मल्लखांबावरून पडला आहे. अर्धवट इजा, हाडे जागेवर. त्याला दोन महिन्यांनी परीक्षा आहे. प्लॅस्टर आणि विश्रांती यांनी त्याचे भागण्याची शक्यता चांगली आहे. अट एवढीच, की पुन्हा तपासणी चुकवायची नाही आणि परवानगीशिवाय मल्लखांबावर चढायचे नाही.

नामवंत खेळाडूंची उदाहरणेही दोन्ही बाजूंची आहेत. पुण्याचा फलंदाज ऋतुराज गायकवाड फेब्रुवारी २०२२ मध्ये उजव्या मनगटाच्या दुखण्यामुळे श्रीलंकेविरुद्धच्या टी-२० मालिकेतून बाहेर पडला. त्याचे एमआरआय झाले, तज्ज्ञांनी तपासले आणि पुढील उपचारांसाठी त्याला बंगळूरच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत पाठवण्यात आले. मार्चअखेर तो आयपीएलमध्ये खेळत होता. जानेवारी २०२३ मध्ये मनगटाने पुन्हा त्रास दिला आणि न्यूझीलंडविरुद्धची मालिका हुकली. त्याच वर्षीच्या आयपीएलमध्ये मात्र त्याने ५९० धावा केल्या. दुसरीकडे अर्जेंटिनाचा टेनिसपटू हुआन मार्टिन डेल पोत्रो याच्या उजव्या मनगटावर २०१० मध्ये एक आणि डाव्या मनगटावर २०१४–१५ मध्ये तीन शस्त्रक्रिया झाल्या. तरीही २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्याने रौप्यपदक मिळवले. परतल्यावर डाव्या मनगटाला जपण्यासाठी त्याला आपला बॅकहँडचा फटका बदलावा लागला. दोघांनाही चांगले वैद्यकीय साहाय्य होते, तरी एकाचे दुखणे उलटून आले आणि दुसऱ्याला पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. मनगटाचा हा स्वभाव आपणही गृहीत धरावा.

शाळेत काय करावे?

मुलगा हातावर पडला तर मनगट चोळू नये, ओढू नये, 'बसवून' घेऊ नये. जाड पुठ्ठ्याचा आधार देऊन हात झोळीत बांधावा, कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे लावावा आणि डॉक्टरांकडे न्यावे. अंगठा ताठ वर केला की त्याच्या मुळाशी, हाताच्या पाठीकडे, दोन कंडरांच्या मध्ये एक खळगा दिसतो. त्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल तर स्कॅफॉइड मोडल्याची शंका घ्यावी. हे हाड मोडले तरी पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसत नाही. म्हणून प्लॅस्टर घालून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात. पालक हा दुसरा एक्स-रे हमखास टाळतात. त्यांना तो काढायला लावणे हे शिक्षक सहज करू शकतात.

लहान मुलांत अस्थिबंधापेक्षा हाडाच्या टोकाचा वाढीचा थर नाजूक असतो. संभाजीनगरला विद्यापीठ परिसरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे आणि शहरात जिम्नॅस्टिक्सची आवड बरीच आहे. हातांवर शरीराचा भार वारंवार पेलणाऱ्या मुलांत रेडियसचा वाढीचा थर दुखावला तर ते हाड आखूड राहते. साहजिकच अल्ना तुलनेने लांब होते आणि भाराच्या वाटणीचे वर सांगितलेले गणित बिघडते. सराव करणाऱ्या मुलाचे मनगट दोन आठवडे सतत दुखत असेल तर सराव थांबवून तपासणी करावी.

मराठवाड्यातील रुग्णांना शहरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे, म्हणजे १९५६ पासूनच्या 'घाटी'चे नाव नवे नाही. तिथे जा किंवा खासगी दवाखान्यात जा, डॉक्टरांना पुढील प्रश्न जरूर विचारावेत : कोणता अस्थिबंध, त्याचा कोणता भाग? अर्धवट की पूर्ण? हाडे जागेवर आहेत का? कूर्चा कशी आहे? आज शस्त्रक्रिया केली नाही तर कोणता पर्याय हातचा जाईल आणि कधीपर्यंत? माझ्या कामासाठी मला काय परत मिळेल, काय मिळणार नाही? अशा शस्त्रक्रिया हाताच्या विशेष तज्ज्ञांकडे अधिक होतात, म्हणून दुसरे मत घेण्यात संकोच बाळगू नये. शेवटून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'काहीच हातचे जाणार नाही' असे आले, तर निवांत विचार करायला वेळ आहे. 'चार आठवड्यांनी शिवता येणार नाही' असे आले, तर निर्णय त्याच आठवड्यात घ्यावा.

वर्गात करून पाहा

तीन रिकाम्या आगपेट्या एका ओळीत, कडेला कड लावून धरा. पहिली व दुसरी, तसेच दुसरी व तिसरी, अशा कडा चिकटपट्टीने घट्ट जोडा. आता पहिली पेटी पुढे आणि तिसरी मागे कलवण्याचा प्रयत्न करा. मधली पेटी जवळजवळ सरळ राहील. मग पहिल्या दोन पेट्यांमधली पट्टी फक्त खालच्या अर्ध्या भागात कापा आणि पुन्हा करून पाहा. थोडी फट दिसेल, पण रचना टिकेल. आता उरलेली पट्टी कापा. पहिली पेटी एकीकडे झुकेल, दुसरी तिसरीबरोबर उलट दिशेला जाईल. अर्धवट आणि पूर्ण इजेत डॉक्टर एवढा फरक का करतात, हे विद्यार्थ्यांना आपोआप समजेल.